नावाला अख्खं गाव

केदारखेड्यात कुणी नवा धंदा काढतो म्हटलं की भांडवल द्यायला कुणी पुढे येत नाही. बँकेत जामीन राहायचा विषय निघाला, की नेमकी त्याच वेळी ज्याच्या त्याच्या विहिरीवर लाईट येते आणि माणसं मोटार चालू करायला पळतात. पण ‘नाव काय ठेवावं?’ एवढं फाट्यावरच्या हॉटेलात नुसतं म्हणायची खोटी, अख्खं गाव बाकड्यावर हजर. कारण उघड आहे. जागेला पैसा लागतो, यंत्राला अनुदान लागतं, माल विकायला तोंड लागतं. नाव सुचवायला काहीच लागत नाही, आणि सुचवलेल्या नावाने धंदा बुडाला तरी सुचवणाऱ्याचं काही जात नाही.

माझ्या पुतण्याने तिखटाचा धंदा काढला तेव्हा हे फार जवळून बघायला मिळालं.

आमचा भोकरदन तालुका मिरचीचा. उन्हाळी मिरचीच्या हंगामात पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात, ट्रक भरून माल परराज्यात जातो, आणि भाव पडला की तोडणीची मजुरीही निघत नाही. पुतण्याचं म्हणणं असं, की हिरवी विकून व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा झाडावर लाल होऊ द्यावी, वाळवावी, कांडावी आणि पाकिटात भरून विकावी. सोबत येसूर हा आमटीचा मसालाही काढावा. येसूर मराठवाड्याबाहेर फारसा कुणाला माहीत नाही, हा त्याच्या मते मोठा फायदा होता आणि माझ्या मते मोठा तोटा. पण काकाचं मत कुणी विचारत नव्हतं. पत्र्याचं शेड उभं राहिलं, मीटर बसलं, कांडप यंत्र आलं. राहिलं फक्त नाव.

पहिल्याच बैठकीत देव निघाले. राजूर आमच्या शेजारी, तिथला गणपती साऱ्या पंचक्रोशीचा, अंगारकीला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा ‘श्री राजुरेश्वर तिखट’ हे नाव कुणाला सुचवावंच लागलं नाही, ते आपोआप आलं. अडचण एवढीच, की खताच्या दुकानापासून मंगल कार्यालयापर्यंत हे नाव ज्याने त्याने आधीच घेऊन ठेवलेलं. दुसरी अडचण भजनी मंडळातल्या बुवांनी काढली. “गणपतीला मोदक लागतो. तिखट दाखवता का नैवेद्याला?” यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

देवाचं नाव देण्यात आमच्या जिल्ह्याचा हात कुणी धरणार नाही. जालन्यात लोखंडाच्या सळया बनतात, त्या बनवणाऱ्या कंपन्यांचीही नावं कालिका आणि भाग्यलक्ष्मी. एका कंपनीने मात्र आपल्या सळईला सरळ ‘पोलाद’ म्हटलं. इतका प्रांजळपणा व्यापारात क्वचित दिसतो. रसवंत्यांचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात कुठेही उसाचा रस प्या, पाटीवर कानिफनाथ नाहीतर नवनाथ. पुरंदर तालुक्यात बोपगावजवळ कानिफनाथांचा गड आहे. तिकडच्या मंडळींनी गावोगाव चरक मांडले आणि सोबत देव नेला. पुढे ज्यांचा पुरंदरशी काही संबंध नव्हता त्यांनीही तेच नाव लावलं, कारण दुसरं लावलं तर गिऱ्हाइकाला ही रसवंती आहे यावर विश्वास बसेना.

“मग रामायण ठेवा,” एकजण म्हणाला. “सगळ्यांच्या घरात आहे.”

पुतण्या हल्ली फोनमध्ये बघून बोलतो. त्याने सांगितलं की रामायण या नावावरून अगरबत्तीवाल्यांचा वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला होता आणि २०१५ साली कोर्टाने निकाल दिला, की धर्मग्रंथाचं नाव आपल्या मालासाठी एकट्याने राखून ठेवता येणार नाही.

बुवांनी क्षणभर विचार केला. “असं हाय तर महाभारत ठेवा. तिखटाला तेच शोभतंय.”

देवांनंतर महापुरुष. हा विषय मात्र लवकर मिटला आणि मिटला ते बरंच झालं. केंद्राचा १९५० सालचा कायदा आहे. बोधचिन्हं आणि नावं यांचा गैरवापर रोखणारा. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, देशाचे पंतप्रधान यांची नावं आणि चित्रं परवानगीशिवाय धंद्याला वापरता येत नाहीत. पुण्याच्या एका जुन्या बिडी कारखान्याची विडी वर्षानुवर्षं संभाजी महाराजांच्या नावाने विकली जात होती. लोकांचा रोष वाढला आणि २०२० साली कंपनीने ते नाव सोडायचं जाहीर केलं, पुढे साबळे बिडी झाली. आमच्या हॉटेलातल्या तरुण पोरांनी या बाबतीत एकच वाक्य उच्चारलं, “पाकीट फाडून उकिरड्यावर पडतं, काका.” यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

इथवर बैठक सरळ चालली होती. मग कृषी सेवा केंद्रवाला आला.

नावांच्या बाबतीत या माणसाइतका अनुभव जिल्ह्यात कुणालाच नसेल, कारण तो दिवसभर नावंच विकतो. तुम्ही कधी कपाशीच्या बियाण्याच्या पिशव्या नीट वाचल्यात का? मल्लिका, बन्नी इथपर्यंत ठीक आहे. पुढे कबड्डी आहे. जादू आहे. मनी मेकर आहे. आणि एटीएम आहे. आमच्याकडे जूनमध्ये दोन शेतकरी भेटले की असं बोलणं कानावर येतं:

“यंदा काय लावलं?”

“चार पिशव्या एटीएम, दोन जादू.”

“निघतेत का पैसे?”

“आधी टाकावं लागतेत.”

औषधांची तऱ्हा तीच. कराटे, पोलो, कॉन्फिडोर. ‘कबड्डीवर अळी दिसली म्हणून कराटे मारला’ हे वाक्य क्रीडा शिक्षकाला चक्कर आणील, पण आमच्याकडे ते तिसरी शिकलेल्या बाईलाही कळतं. सगळी नावं अशी, की वाचणाऱ्याला वाटावं आता काहीतरी घडणार. कृषी सेवा केंद्रवाल्याचा सिद्धान्तच तसा होता. नावात जोर पाहिजे, आणि शेवटी गोल्ड, प्लस, सुपर, नाहीतर नुसता एखादा आकडा पाहिजे. “नुसतं तिखट कोण घेतंय? ‘फायर गोल्ड ९९’ म्हणा. ९९ कशाचं, हे कुणी विचारत नाही.”

खरं तर या नावांच्या कारखान्याचं माहेरच आमच्या जिल्ह्यात आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी काढली आणि तिचं ‘महिको’ झालं. बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण गावात त्याहून मोठा पुरावा हा, की बियाणं कुठल्याही कंपनीचं असो, म्हातारी माणसं कितीतरी वर्षं “महिको आणलं का?” असंच विचारायची. महिकोचा दाखला निघाला आणि सभेला आद्याक्षरांचा रोग लागला. विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, हे कुणीतरी सांगितलं. द्राक्षवाल्यांचं सोनाका हे वाण सोलापूर, नान्नज आणि तिथले काळे या तिघांच्या पहिल्या अक्षरांचं, हे कृषी सहायकाने सांगितलं. हे वाण काढणाऱ्या नानासाहेब काळ्यांनी आपलं गाव आणि आडनाव दोन्ही द्राक्षात बसवलं आणि वर ऐकायला सोन्याचं नाव. नशीब लागतं त्याला.

आमच्याकडे अक्षरं होती के, भो आणि जा. केदारखेडा, भोकरदन, जालना. ‘केभोजा’ हे नाव जपानी मोटारसायकलचं वाटलं. ‘जाकेभो’ म्हणजे कुणाला तरी शिंक आल्यासारखं. ‘भोकेजा’ म्हटल्यावर हॉटेलवाला म्हणाला, “पाकिटाला भोकं पडल्यावानी वाटतंय.” सोलापूरला सोनं निघालं, आम्हाला भोकं. आद्याक्षरांचा नाद तिथेच सुटला.

घरच्या माणसाचं नाव द्यावं, ही सूचना एका पाहुण्याने केली. निरमाचं उदाहरण त्याला तोंडपाठ होतं. करसनभाईंनी १९६९ साली घराच्या मागे साबणाची पावडर करायला घेतली आणि मुलीचं, निरुपमाचं, नाव दिलं. पाहुण्याला एकच मुलगी असावी. पुतण्याला दोन आहेत, त्याच्या भावाला एक आहे, आणि घरात आई व बायको दोघी आहेत. पुतण्याने पाहुण्याला चहा सांगितला आणि विषय बदलला. संसारी माणूस आहे.

गावाचंच नाव का देऊ नये, हा मुद्दा मी मांडला. पार्ल्याचं बघा. मुंबईच्या कडेचं पार्ले हे खेडं, तिथे १९२९ साली कारखाना निघाला, आणि आता ज्याने मुंबईचं तोंड पाहिलेलं नाही तोसुद्धा रोज सकाळी पार्ले चहात बुडवतो. मग केदारखेडा का नको? मला वाटलं होतं गाव खूश होईल. पण गावाला आपल्या नावाचा भरवसा वाटेना. “एस.टी.ची पाटीसुद्धा आपलं नाव लिहीत नाही, भोकरदनच लिहिते,” एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, “शेजारच्या गावचा माणूस घेईल का केदारखेड्याचं तिखट? आपल्याकडच्या पोरी करायला तयार नाहीत ते.” हा मुद्दा मात्र वजनदार होता.

यावर निवृत्त मास्तर उठले. मास्तर उठले की हॉटेलवाला गॅस बंद करतो, कारण आता बराच वेळ कुणी चहा सांगणार नसतं.

मास्तरांनी भोकरदनपासून सुरुवात केली. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वीचं भरभराटीचं व्यापारी गाव. मध्य प्रदेशात सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. म्हणजे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर वडिलांच्या स्मरणार्थ आपलं नाव घालायची आमच्या तालुक्याची सवय तेव्हापासूनची आहे. फक्त तेव्हा दगड होता, पंखा नव्हता. १९७०च्या दशकात भोकरदनला उत्खनन झालं तेव्हा एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशीच धाराशिवजवळच्या तेरला सापडली. आणि तशीच, पण बरीच धड, वीतभर उंचीची, १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीने गाडलेलं ते शहर. ही मूर्ती आपल्या भोकरदनच्याच भागात घडली असावी असं काही अभ्यासक मानतात. मास्तर ‘असावी’ हा शब्द गाळतात.

“आता मला सांगा,” मास्तरांनी बाकड्यावर हात आपटला, “ती बाई आज नेपल्सच्या म्युझियममध्ये उभी हाय. तिचं नाव काय?”

कुणाला माहीत नव्हतं.

“पॉम्पेई लक्ष्मी! माल आपला, आणि नाव गिऱ्हाइकाच्या गावाचं!”

हॉटेलात शांतता पसरली. दोन हजार वर्षांपूर्वी झालेल्या नुकसानीची भरपाई कुणाकडे मागावी, याचा विचार जो तो करत असावा. मास्तरांनी पुढचं सांगितलं ते आणखी वाईट होतं. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असं आता बरेच जाणकार म्हणतात. म्हणजे नावातले दोन शब्द, आणि दोन्हींवर वाद.

“लेबल लावलं नव्हतं ना,” कृषी सेवा केंद्रवाला हळहळला. “मेड इन भोगवर्धन. एवढं कोरायला काय लागत होतं?”

मास्तरांचा मुद्दा मला पटतो, आणि त्याचा पुरावा शोधायला नेपल्सला जावं लागत नाही. अजिंठा आमच्यापासून लांब नाही. पण लहानपणापासून आमच्या घराघरांत भिंतीवर जी अजंता टिकटिक करायची, ती गुजरातेतल्या मोरबीची. लेणी आमच्या शेजारी आणि घड्याळं मोरबीला. बरं, मोरबीच्या ओधवजी पटेलांनी पुढे स्वतःचं नाव आखडून ‘ऑर्पेट’ केलं, तेही चाललं. आम्ही केभोजावरच अडलो होतो.

मला स्वतःला जुनी छापाची पद्धत आवडते. तिथे नाव वाचायची गरजच नव्हती. चित्र बघायचं आणि माल घ्यायचा. संगमनेरच्या गाय छाप जर्द्याचा गायीशी काय संबंध, हे तंबाखू मळणाऱ्या एकाही माणसाने आजवर विचारलेलं नाही. दांडेकरांनी १९३१ साली शाईचा धंदा काढला तो घोडा छाप म्हणून. नंतर घोडा जाऊन उंट आला, आणि त्या उंटावरून व शाईवरून ‘कॅम्लिन’ झालं. शाईला घोडा कशाला आणि उंट कशाला? पण आमच्या पिढीची सगळी भूमिती त्या उंटाच्या कंपासपेटीतून बाहेर पडली. म्हणून मी ‘बैल छाप तिखट’ सुचवलं. पुतण्या म्हणाला, “काका, आता बैल आहेत कुणाकडं?” ‘ट्रॅक्टर छाप’ म्हटलं तर त्यात तिखटाऐवजी डिझेलचा वास येतो, असं हॉटेलवाल्याचं मत पडलं.

या साऱ्या चर्चेत एक गोष्ट कुणी बोलत नव्हतं, ती म्हणजे गिऱ्हाईक. गिऱ्हाईक मोठं खट असतं. तुम्ही ठेवलेलं नाव ते घेईलच असं नाही. टाटांनी २००५ साली एस नावाची छोटी मालवाहू गाडी बाजारात आणली. आमच्या रस्त्यावर ती रोज मिरची वाहते, पण तिला एस म्हणणारा माणूस मला भेटायचा आहे. ती छोटा हत्ती. कुणाच्याही कंपनीचं खोदायचं यंत्र असो, ते जेसीबी. दुकानात जाऊन लोक ‘कोलगेट द्या, पण पतंजलीचं’ असं बिनदिक्कत सांगतात आणि दुकानदारालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

सगळ्यांवर ताण म्हणजे चंद्रपूरचे दादाजी खोब्रागडे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा हा अल्पभूधारक शेतकरी. धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या वेचून, वर्षानुवर्षं निवड करून त्याने बारीक तांदळाचं एक नवंच वाण काढलं. त्याला नाव काय पडलं? एचएमटी. म्हणजे घड्याळाचं. बाजारात त्या धानाला काही नावच नव्हतं, तेव्हा एका व्यापाऱ्याने त्या काळी फार चालणाऱ्या मनगटी घड्याळाचं नाव ठोकून दिलं, असं सांगतात. पुढे १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ म्हणून वाण प्रसारित केलं. म्हणजे तांदळाला घड्याळाचं नाव मिळालं, विद्यापीठाची आद्याक्षरं मिळाली, आणि ज्याने बांधीत उभं राहून ते काढलं त्याचं मात्र एक अक्षरही त्यात नाही. दादाजी २०१८ साली गेले. घड्याळाचा कारखानाही बंद पडला. तांदूळ अजून तेच नाव सांगतो.

पुतण्याला हे सगळं ऐकून घाम फुटला आणि त्याने स्पर्धा जाहीर केली. कल्पना त्याची नव्हती, लिज्जतची होती. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांनी १९६२ मध्ये नावासाठी स्पर्धा ठेवली, बक्षीस पाच रुपये, आणि त्यातून ‘लिज्जत’ हे नाव निघालं म्हणतात. पाच रुपयांत इतकं चाललेलं नाव देशात दुसरं नसेल. पुतण्याने महागाई लक्षात घेऊन पाचशे एक रुपये लावले आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. पहिल्यांदा परीक्षक कोण, यावर वाद झाला. परीक्षक मंडळात सगळ्या आळ्यांचा एकेक माणूस घ्यावा असं ठरलं, त्यामुळे भाग घ्यायला फार लोक उरले नाहीत. जी नावं आली त्यांत एकाने स्वतःचंच पाठवलं होतं, एकाने आपल्या नेत्याचं, आणि एकाने शुभ सकाळ. ‘झणका’, ‘ठसका’, ‘भडका’ ही नावं प्रत्येकाला स्वतंत्रपणे सुचली होती आणि प्रत्येकाचा दावा होता की दुसऱ्याने चोरली. ठसक्यावरून दोन चुलतभाऊ बोलेनासे झाले. शेतीच्या बांधावरून ते आधीच बोलत नव्हते, पण आता त्यांना नवं कारण मिळालं.

मग जालन्याच्या एका सल्लागाराने खरी गोष्ट सांगितली. नाव नोंदवायचं तर ट्रेडमार्कचा अर्ज करावा लागतो. मालाचे आणि सेवांचे मिळून पंचेचाळीस वर्ग आहेत, तिखट-मसाले तिसाव्या वर्गात. पुतण्यासारख्या एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला साडेचार हजार रुपये. नोंदणी झाली की दहा वर्षं, पुढे नूतनीकरण. दुसऱ्याच्या नावाशी सारखं वाटलं तर हरकत निघते. नुसतं मालाचं वर्णन करणारं नाव असेल, जसं ‘लाल तिखट’, तरी हरकत निघते. गावाचं नाव असेल तरी निघू शकते.

“मोठ्या कंपन्या नावापुढं गोलात आर काढतेत, तो पण टाकून दे,” हॉटेलवाला म्हणाला.

“तो नोंदणी झाल्यावरच. आधी टाकला तर कायद्यात बसत नाही.”

“आणि नाव नापास झालं, तर साडेचार हजार परत?”

“नाही.”

हे ऐकलं आणि बाकडी रिकामी झाली. इतके दिवस नाव फुकट होतं तोवर सगळे तज्ज्ञ होते. त्याला किंमत आहे म्हटल्यावर एकाला खत टाकायचं आठवलं, एकाला जावळाला जायचं. बुवासुद्धा “पांडुरंगाची इच्छा” म्हणून उठले.

पुतण्याने मग कुणाला न विचारता भोकरदन गाठलं. आमच्या भागात अक्षरांच्या बाबतीत शेवटचा शब्द डीटीपीवाल्याचा असतो. लग्नपत्रिकेत नवरीचं नाव त्याने जसं टाईप केलं तसं तिला आयुष्यभर लावावं लागतं, कारण नंतर बँकेत पुरावा म्हणून तीच पत्रिका दाखवतात. पुतण्या त्याला म्हणाला, नाव ठरायचंय, पण दुकानदारांना वानगीदाखल पन्नास-पन्नास ग्रॅमची पाकिटं वाटायची आहेत, तू लेबलची रचना करून ठेव, नावाची जागा मोकळी सोड. डीटीपीवाल्याला मोकळी जागा बघवत नाही. लाल पट्टी, दोन बाजूंना मिरच्या, खाली अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, वजन, तारीख, सगळं काढलं. आणि मधोमध, जिथे नाव यायचं तिथे, मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं: नमुना.

पुतण्याने तशीच लेबलं चिकटवून पाकिटं राजूर, भोकरदन, हसनाबादला वाटली. फुकटचं तिखट कोण सोडतो? आणि तिखट चांगलं होतं, हे मी काका म्हणून सांगत नाही. काही दिवसांनी फोन यायला लागले.

“ते नमुना तिखट संपलं. दहा किलो पाठवा.”

“नमुन्यात अर्धा किलो येतंय का?”

पुतण्याने एक-दोघांना सांगून पाहिलं की ते नाव नाही, नाव अजून ठरायचंय. एक दुकानदार वैतागला. “बायका नमुनाच मागायला लागल्यात. दुसऱ्या नावाचं पाठवलंस तर परत पाठवीन.” सल्लागाराला विचारलं. त्याने आधी शोधून बघितलं, मग म्हणाला, तिखटाचं वर्णन तर यात कुठे दिसत नाही, देव नाही, महापुरुष नाही, गाव नाही, अर्ज टाकून बघू. टाकला.

नाव असं लागल्याचं कळताच फाट्यावरची बाकडी पुन्हा भरली. प्रत्येकाच्या मते ‘नमुना’ हे त्यानेच सुचवलं होतं, फक्त त्या वेळी कुणी लक्ष दिलं नाही. पाचशे एक रुपयांवर चौघांनी हक्क सांगितला. मास्तरांनी हे लेबल आणि पॉम्पेईची मूर्ती यांचा काहीतरी संबंध जोडला, तो मला नीट कळला नाही. आणि मग कृषी सेवा केंद्रवाल्याने नवा मुद्दा काढला. “नाव झालं. पण फोटो पाहिजे. मसाल्याच्या पाकिटावर मालकाचा फोटो असल्याशिवाय बाईचा विश्वास बसत नाही. दिल्लीचे ते पगडीवाले गुलाटी आजोबा बघा, एमडीएचचे. अख्खा देश चेहऱ्यावरून मसाला घेतो.”

फोटो म्हटल्यावर गावात जे चैतन्य आलं ते देव आणि महापुरुषांच्या बैठकीतही नव्हतं. आमच्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ज्याचा वाढदिवस त्याच्यापेक्षा शुभेच्छुक जास्त असतात. त्याच हिशेबाने पाकिटाच्या खालच्या पट्टीत चौकोन मागायला लोक आले. संध्याकाळपर्यंत पुतण्याच्या फोनवर पासपोर्ट फोटो, फेट्यातले फोटो, काळ्या गॉगलमधले फोटो, कुणाचा तरी घोड्यावरचा लग्नातला फोटो असे ढीगभर फोटो जमले. पाव किलोच्या पाकिटावर एवढी माणसं बसवली तर तिखट कुठे भरायचं, असा प्रश्न होता. शेवटी एकच फोटो घ्यायचा, तोही वजनदार माणसाचा, असं ठरलं. ग्रामपंचायतीच्या एका माजी सदस्याने आपला हात जोडलेला, हसरा फोटो दिला आणि डीटीपीवाल्याने तो लेबलवर बसवून ग्रुपवर टाकला.

हॉटेलात पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यातून एकाने फुसकन हसू सोडलं आणि सगळं हॉटेल त्याला मिळालं. वर पिवळ्या ठळक अक्षरांत ‘नमुना’, आणि बरोबर खाली हात जोडून हसणारे माजी सदस्य.

त्या दिवसानंतर फोटोला कुणी तयार होईना. सदस्य म्हणाले, तरुणांना संधी द्या. तरुण म्हणाले, ज्येष्ठांचा मान आधी. बुवांनी मोहमायेवर दोन वाक्यं सांगितली. मास्तरांचा फोटो मागितला, तर त्यांनी यक्षीचा टाका म्हटलं. पुतण्याने स्वतःचा टाकावा असं मी सुचवलं, तेव्हा त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चहात लक्ष घातलं. सरतेशेवटी, जो त्या दिवशी सिल्लोडला पाहुण्याच्या लग्नाला गेला होता, त्याच्या फोटोचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला.